दुसऱ्याच्या शेतात राबायला जाताना

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातले एकमेकांना लागून असलेले दोन तालुके. पेण म्हटलं की लोकांना गणपतीच्या मूर्ती, पापड आणि पोहे आठवतात. रोहा म्हटलं की कुंडलिका नदी, धाटावचे कारखाने, नाहीतर कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन. या दोन तालुक्यांची आणखी एक ओळख आहे, आणि ती सहसा कुणी एकत्र मांडत नाही. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले आणि रोह्यात 19 ऑक्टोबर 1920 रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांचे मार्ग वेगळे, बोलण्याची रीत वेगळी, त्यांच्यामागून गेलेली माणसंही वेगळी. पण मोबदल्याची अपेक्षा न ठेवता शेतात राबल्याने माणूस घडतो, यावर दोघांचीही श्रद्धा होती. सामुदायिक नेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार दोघांनाही मिळाला, विनोबांना 1958 साली आणि शास्त्रीजींना 1996 साली.

ही पुस्तिका त्याच मातीतल्या रोजच्या, साध्या कामाबद्दल आहे. एखाद्या लहान शेतकऱ्याच्या घरी चार-आठ दिवस राहायचं, सकाळी गोठा झाडायचा, दिवसभर शेतावर पडेल ते काम करायचं, घरच्यांबरोबर जेवायचं आणि तिथेच पडवीत झोपायचं. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत. शहरात वाढलेली कितीतरी मुलंमुली आणि नुकतेच निवृत्त झालेले लोक आता अशा कामाच्या शोधात असतात. त्यांतल्या कुणाच्या तरी हाती ही पानं पडावीत आणि जाण्याआधी त्यांनी ती वाचावीत, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवण्याची मोकळीक मी घेतो आहे.

ही कल्पना परदेशातही रुजलेली आहे. 1971 साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंनी शनिवार-रविवार ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर कामाला जायची व्यवस्था लावली. त्यातूनच ‘वूफ’ नावाची चळवळ उभी राहिली आणि ती आज भारतासह अनेक देशांत आहे. तिचा करार सोपा आहे. साधारण अर्धा दिवस काम आणि त्याबदल्यात जेवण, निवारा आणि शेती शिकण्याची संधी. आपल्याकडे 2020 साली राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण आणलं, त्याने गावागावांत पाहुणे येऊ लागले, त्याचा शेतकऱ्याला फायदाही आहे. पण पर्यटनात पाहुणा पैसे मोजतो आणि घरचे त्याची सरबराई करतात. इथे पाहुणचार मागायचा नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की सगळ्यात आधी घरातल्या बाईचं काम वाढतं.

विनोबांचं बालपण गागोद्यात गेलं, मग ते वडिलांकडे बडोद्याला गेले. अंगणातला फणस पिकला की आई तो आधी शेजारीपाजारी वाटायला लावायची आणि मग घरच्यांना द्यायची, अशी आठवण ते सांगत. 1950 साली पवनार आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा आधार सोडायचा आणि स्वतःच्या हातांनी पिकवलेल्या अन्नावर राहायचं. त्यासाठी बैलही न वापरता केवळ मनुष्यबळावर केलेल्या शेतीला त्यांनी ऋषिखेती म्हटलं. आश्रमातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी कुदळ हातात घेऊन विहीर खणली. पुढच्याच वर्षी, 18 एप्रिल 1951 रोजी, पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मला मात्र ती विहीर जास्त महत्त्वाची वाटते. जमीन मागायला निघण्याआधी या माणसाने जमिनीत घाम गाळून पाहिला होता.

शास्त्रीजींच्या स्वाध्याय परिवारातली योगेश्वर कृषी ही पद्धत आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. परिसरातल्या स्वाध्यायींनी मिळून एक शेत करायचं. तिथे प्रत्येकाने वर्षातले काही दिवस आपल्या पाळीने यायचं आणि मजूर म्हणून नव्हे, पुजारी म्हणून काम करायचं. पीक कुणा एकाच्या मालकीचं नसतं; ते देवाचं, आणि त्यातून गरजवंताच्या घरी जे जाईल तो प्रसाद. देणाऱ्याचं नाव नाही आणि घेणाऱ्याची मान खाली नाही. या परिवाराच्या बाकीच्या गोष्टींबद्दल मतभेद असू शकतात. पण फुकट केलेलं काम उपकार होऊ नये यासाठी इतका बारीक विचार केलेली दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. दुसऱ्याच्या बांधावर जाणाऱ्या प्रत्येकाने त्यातलं एवढं तरी घ्यावं, की आपण कुणावर मेहेरबानी करायला आलेलो नाही.

मात्र याच जिल्ह्यात फुकटच्या श्रमाचा दुसरा इतिहासही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. कोकणात गावचा सारा वसूल करणारे खोत होते आणि खोतांची वेठबिगार होती. कुळाने खोताच्या शेतात, घरात, पालखीला फुकट राबायचं, वर पिकातला मोठा वाटा द्यायचा. शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरीमध्ये 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. जमिनी कसायच्याच नाहीत, असं ठरवून त्यांनी 1939 पर्यंत तो चालवला. आजूबाजूच्या गावांतली शेतं पडीक राहिली, घरांत उपासमार झाली, तरी लोक हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1949 मध्ये खोतीच्या उच्चाटनाचा कायदा झाला. इथल्या शेतकऱ्याच्या आजोबा-पणजोबांनी फुकट राबणं हे असं सोसलेलं आहे. म्हणून कुणी हौसेने मोफत काम करायला आलं तर जुनी माणसं जरा रोखून बघतात. त्या नजरेचा राग मानू नये.

हीच गोष्ट आजच्या भाषेत सांगायची तर कातकरी आणि ठाकूर वाड्यांबद्दल बोलावं लागेल. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरउतारांवर या वाड्या आहेत. आवणीच्या (म्हणजे भाताच्या लावणीच्या) आणि कापणीच्या दिवसांत तिथल्या बायाबापड्या खालच्या गावांत मजुरीला येतात आणि दिवाळीनंतर त्यांतली अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघून जातात. शेतातली मजुरी हा त्यांचा गावात राहण्याचा एक आधार आहे. तुम्ही फुकट केलेल्या कामामुळे त्यांतल्या एकीचा जरी रोज बुडाला, तरी तुमच्या येण्याचा तोटाच झाला. शेतकऱ्याला आधीच विचारून घ्यावं की रोजची माणसं नेहमीसारखी येणार आहेत ना. ती येणार असतील तर त्यांच्या ओळीत, त्यांच्या हाताखाली काम करावं. आणि ती मिळतच नसतील, घरचे दोघे म्हातारे एकटेच खाचरात उतरणार असतील, तर तुमची खरी गरज तिथे आहे. अशी घरं आता बरीच आहेत, कारण पोरं नागोठणे, धाटाव, वडखळच्या कारखान्यांत नाहीतर पनवेल-मुंबईला आहेत आणि जमीन गुंठ्यांत मोजावी इतकी वाटली गेली आहे.

इथली शेती समजायची तर पेणचा खारेपाट पाहावा. खाडीला लागून असलेली ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. ती शेतीसाठी उरली आहे ती मातीच्या लांबच लांब बांधांमुळे. समुद्राच्या बाजूचा मोठा बांध खारं पाणी अडवतो. त्यात ठेवलेली उघाडी ओहोटीला उघडते, तेव्हा आतलं पावसाचं पाणी बाहेर पडतं, आणि भरतीला ती बंद होते. खेकडे बांधाला बिळं पाडतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात अशा पोखरलेल्या जागी बांधाला खांड पडते आणि एका रात्रीत खारं पाणी उभ्या भातात शिरतं. मग जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. पूर्वी बांधाच्या कामाला घरटी एक माणूस जायचा. खांड पडल्याची हाक आली की रात्री कंदील घेऊन सगळा गाव बांधावर असे, कारण माझं शेत वाचवायचं तर शेजाऱ्याच्या शेतापुढचा बांधही वाचला पाहिजे. 1948 चा आणि पुढे 1979 चा खार जमीन कायदा झाल्यावर मोठे बांध सरकारी खात्याकडे गेले आणि गावाची ती सवय हळूहळू सुटली. ती पुन्हा लागावी असं मला मनापासून वाटतं. ज्याला फार काही येत नाही त्यानेही उन्हाळ्यात बांधावर मातीची चार घमेली टाकली, तरी ते काम वाया जात नाही.

ही जमीन लोकांनी दुसऱ्या अर्थानेही राखली आहे. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, इथल्या गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं, तेव्हा 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं आणि बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार दिला. ज्या जमिनीवर तुम्ही उभे राहाल ती अशी आजवर शेतकऱ्याच्या हातात राहिली आहे.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यांना आवणीला यायचं असतं, म्हणून तीच आधी सांगतो. उन्हाळ्यात राब, म्हणजे पालापाचोळा आणि शेण, भाजून तयार केलेल्या वाफ्यात मृगाच्या पावसावर पेरलेलं बी तीन-एक आठवड्यांत वीतभर वाढतं. ते उपटण्याचं एक तंत्र आहे. चार-पाच रोपं बुंध्याशी, अगदी चिखलाजवळ धरायची आणि सरळ वर न ओढता आपल्याकडे तिरकी ओढायची. वर ओढलं की पात हातात येते आणि मूळ खाली राहतं. मूठ भरली की मुळं पाण्यात खळखळून माती काढायची आणि पेंढ्याच्या काडीने बांधायची. चिखलणी झालेल्या खाचरात या मुठी अंतराअंतरावर फेकलेल्या असतात. डाव्या हातात मूठ धरायची आणि उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटांनी दोन-तीन रोपांचा एक चूड चिखलात खोचायचा. तो खोल गेला तर फुटवा कमी येतो आणि फार वर राहिला तर पाण्यावर तरंगतो. नवखा माणूस पुढे चालत लावायला लागतो, तेव्हा ओळीतली काकी हमखास ओरडते, ‘अरे बाळा, मागं सरक, लावलेलं तुडवतोस!’ आवणी मागे सरकत करतात. तासाभरात कंबर धरते, आणि बाजूची साठीची बाई न थांबता गाणं म्हणत तुमच्यापुढे निघून गेलेली असते. तिच्याकडे बघून कामाचा वेग वाढवायचा प्रयत्न करू नये. हात सरळ ओळीत पडू द्यावा, वेग मागून येतो.

अगदी खाऱ्या जमिनीत आवणी नसतेही. तिथे मोड आलेलं बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत आणि कर्जतच्या केंद्राने गोड जमिनीसाठी. डॉ. ना. कृ. सावंतांनी मांडलेली चारसूत्री पद्धत काही शेतकरी करतात. तिच्यात दोरी धरून ठरावीक अंतरावर चूड लावतात आणि मध्ये युरियाच्या गोळ्या खोचतात. हे काम जिकिरीचं असतं आणि तिथे दोरी धरायला, गोळ्या टाकायला जास्तीचे हात खरोखर उपयोगी पडतात. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तर चिखलणी आणि आवणी दोन्ही टाळतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात भात पिकवण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत. शहरातून सेंद्रिय शेतीवर चार व्हिडिओ बघून आलेल्याने पहिल्याच संध्याकाळी शेतकऱ्याला युरियावरून किंवा राब भाजण्यावरून शिकवायला बसू नये. त्याने ती पद्धत का धरली आहे, तिला किती पैसे आणि किती माणसं लागतात, हे एक हंगाम पाहावं. मग बोलावं. तेव्हा तो ऐकेलही.

पण शेतीतलं बरंचसं काम खाचरात होतच नाही, ते घराभोवती होतं, आणि ते बायका करतात. पहाटे शेणगोठा, गुरांना वैरण-पाणी, धार, चूल, अंगण, कोंबड्या, दुपारची शिदोरी आणि संध्याकाळी पुन्हा तेच. ‘शेतावर काम करायचं आहे’ म्हणून आलेल्या पुरुषांना हे काम सहसा दिसतच नाही. माझा आग्रह आहे की पहिले दोन दिवस गोठ्यातच घालवावेत. शेण हाताने उचलावं, गोठ्याची जमीन खराट्याने कोपऱ्यापर्यंत काढावी, मूत साचणाऱ्या जागी राख टाकावी. गाय नव्या माणसाला बिचकते, तिच्या मागून जाऊ नये, आवाज देत बाजूने जावं. आपलं ताट आपण घासावं आणि जमलं तर इतरांचंही. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढ्यात येतं, त्यामागे वाल भिजवणं, मोड आणणं, एकेक दाणा सोलणं असतं. बिरडं सोलायला बसलात तर घरच्या सगळ्या गोष्टी तिथे कळतील.

पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या बायका मात्र एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखातली ही स्थिती आहे. उन्हाळ्यात अशा घरी गेलात तर तुमची अंघोळ कुणीतरी डोक्यावरून आणलेली असते. एका बादलीत भागवावं आणि हंडा आणायला आपण जावं.

आवणीखेरीजच्या महिन्यांत येणारे थोडे असतात, आणि गरज तेव्हाही तितकीच असते. ऑगस्टमधल्या बेणणीला कुणी फिरकत नाही. दिवसभर वाकून तण काढायचं, फोटोत काही दिसत नाही. ऑक्टोबरात कापणीला ऊन मी म्हणतं, त्यात परतीचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो आणि कापलेलं भात भिजायच्या आत भारे बांधून खळ्यावर न्यावे लागतात. त्या चार दिवसांत मिळालेली दोन माणसं शेतकरी वर्षभर विसरत नाही. त्यानंतर ओलीवर वाल टाकतात. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर शेंगा भरून पोपटी लावतात आणि तिला मुंबईहून माणसं येतात. वाल वाळल्यावर मात्र ते पहाटे दवात उपटावे लागतात, नाहीतर शेंगा तडकून दाणे शेतातच सांडतात. पोपटी खाल्ली असेल त्याने या पहाटेलाही यावं.

काळजीच्या दोन-तीन गोष्टी. चिखलात अनवाणी काम असतं. पायाला जखम असेल तर खाचरात उतरू नये, कारण पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना शेतात काम केल्याचं आवर्जून सांगावं. पेंढ्यात, दगडी बांधात फुरसं, घोणस, विंचू असतात. भारा उचलण्याआधी काठीने हलवावा, रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये आणि काही चावलं तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावं. विंचूदंशाने पूर्वी इथे फार माणसं, विशेषतः मुलं दगावत. महाडला काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते चित्र पालटलं. म्हणून मंत्र, मुळ्या यांत वेळ घालवण्याचं कारण उरलेलं नाही.

या सगळ्यातून शेतकऱ्याला काय मिळतं, असं मला अनेकदा विचारतात. शेतीचं अर्थकारण चार दिवसांच्या पाहुण्याने सुधारत नाही. भाताला भाव मिळणं, बांध वेळेवर दुरुस्त होणं, पोराला गावातच पोटापुरतं मिळणं हे प्रश्न फार मोठे आहेत. पण दोन गोष्टी मात्र नक्की होतात. ऐन घाईच्या दिवसांत अडलेलं एखादं काम पार पडतं. आणि शहरात तांदूळ घेताना घासाघीस करणारा माणूस एकदा खाचरात उतरला की पुढच्या वर्षी त्याच घरातून, मागितलेल्या भावाने, वर्षाचा तांदूळ भरतो. मी हे होताना पाहिलं आहे, आणि माझ्या मते स्वयंसेवकाने करण्यासारखी हीच सर्वांत मोठी मदत आहे.

पुढच्या पानांत महिन्यागणिक कामं दिली आहेत, सोबत काय न्यावं, कुणाला काय विचारावं हेही आहे. पेणच्या वाटेवर तारा गावाजवळ काम करणाऱ्या युसूफ मेहेरअली सेंटरसारख्या संस्था तरुणांना ग्रामीण कामाची ओळख करून देतात. एकट्याने जायला संकोच वाटत असेल त्यांनी अशा ठिकाणापासून सुरुवात करावी. बाकीच्यांसाठी दिवा-रोहा गाडी आहे, पेणला उतरा किंवा रोह्याला. निघण्याआधी त्या घरी फोन करून एवढंच विचारा की या आठवड्यात शेतावर काम काय आहे आणि आणखी एका माणसाचं जेवण जड तर होणार नाही ना. काम नसेल तर हट्ट करू नका, तारीख त्यांनाच ठरवू द्या आणि बोलावतील तेव्हा मात्र नक्की जा.